काचेची पेटी शाळेत नेताना: सोलापुरात संग्रहालयाचा उपक्रम कसा आखावा

संग्रहालयातल्या वस्तू पेटीत भरून शाळेत न्यायच्या, मुलांना दाखवायच्या आणि परत यायचं. ऐकायला इतकं सोपं असल्यामुळेच यात चुका फार होतात. काचेच्या बाबतीत तर जास्तच. एक तर ती फुटते. दुसरं म्हणजे बोलणारा अर्धा तास बोलतो, पेटी शेवटच्या पाच मिनिटांत उघडते, मुलं पुढे झेपावतात आणि घंटा होते. तिसरी चूक जास्त गंभीर आहे: ‘आपल्या गावचा वारसा’ म्हणून असं काहीतरी सांगितलं जातं, जे गावात कधी घडलंच नाही.

हा लेख छोट्या संग्रहालयांचे कार्यकर्ते, इतिहासाचे शिक्षक आणि हौशी मंडळांसाठी आहे. उदाहरणं सोलापूरची आणि इयत्ता सातवी ते नववीची आहेत. पायऱ्यांचा क्रम बदलू नका. आधी वस्तू जमवून मग गोष्ट शोधायला गेलं की फसगत होते.

पायरी १: ‘स्थानिक’ काय आहे ते एका वाक्यात लिहा

सोलापूर हे काच ओतणारं गाव नाही, काच विकणारं, भरणारं, घालणारं आणि कापडावर टाचणारं गाव आहे. कासार आणि मणियारांची दुकानं, पंढरपुरात वारकरी बायका घेतात तो चुडा, लमाण तांड्यांवरच्या फेट्या-कांचळीवरची (घागरा-चोळीवरची) भिंगं म्हणजे टाचलेले छोटे आरसे, गोटी सोड्याची बाटली, माळ्यावर पडलेला कंदील हे सगळं आपलं. भट्टी मात्र दुसरीकडची, आणि ती कुठली हे पहिल्याच दिवशी स्पष्ट लिहून ठेवावं.

भट्टीचा नकाशा असा मांडता येतो. तळेगाव दाभाड्याचा पैसा फंड काच कारखाना १९०८चा. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघर पैसा-पैसा गोळा करून उभ्या केलेल्या निधीतून तो निघाला आणि लोकमान्य टिळकांचा त्याला पाठिंबा होता. ओगलेवाडी कराडजवळ, तेव्हाच्या औंध संस्थानात. ओगले बंधूंनी १९१६ साली तिथे कारखाना काढला आणि त्यांचा प्रभाकर कंदील महाराष्ट्रभर गेला. आजच्या बांगड्या येतात उत्तर प्रदेशातल्या फिरोजाबादहून. लमाणी भरतकामावरच्या जुन्या भिंगांसाठी गुजरातमधलं कपडवंज प्रसिद्ध होतं. आणि फार मागे जायचं, तर शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर, म्हणजे प्राचीन तगर. तिथल्या उत्खननात काचेचे मणी मिळाले आहेत आणि गावातच रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभं राहिलेलं संग्रहालय आहे.

आता वाक्य लिहा. उदाहरणार्थ: ‘काच बाहेरून आली, पण ती निवडणारे, भरणारे आणि वापरणारे हात इथले आहेत.’ पुढची प्रत्येक वस्तू आणि प्रत्येक प्रश्न या वाक्याशी जुळला पाहिजे. जुळत नसेल तर ती वस्तू कितीही देखणी असो, पेटीत जाणार नाही.

थांबून तपासा: तुमच्या मजकुरात ‘सोलापुरात पूर्वी काच बनत असे’ अशा अर्थाचं काही आहे का? हातात पुरावा नसेल तर काढून टाका. एकदा एखाद्या शिक्षकाने ते फळ्यावर लिहिलं की पुढची कित्येक वर्षं मुलांच्या वह्यांत तेच राहतं.

पायरी २: माणसांकडे जा, पण त्यांची वेळ बघून

पुस्तकापेक्षा दुकानदाराकडे जास्त माहिती असते. मात्र श्रावणात, लग्नसराईत किंवा संक्रांतीच्या तोंडावर बांगड्यांच्या दुकानात वही घेऊन उभं राहू नका. त्या दिवसांत दुकानदाराला पाणी प्यायला उसंत नसते. भाद्रपदातला पितृपक्ष बरा. खरेदी मंदावलेली असते, माणूस निवांत बोलतो.

पहिल्या भेटीत रेकॉर्डर काढू नका. एक डझन बांगड्या विकत घ्या, माप कसं ओळखता ते विचारा आणि बघत राहा. कसलेला कासार समोरच्या बाईच्या हाताला पट्टी लावत नाही. अंगठ्याच्या मुळाशी हात चिमटीत दाबतो, हाडं किती दुमडतात याचा अंदाज घेतो आणि मागे न बघता खोक्यातून नेमकं माप काढतो. मुलांना सांगण्यासारखं खरं कौशल्य ते हेच आहे, आणि ते सोलापुरातलं आहे.

दुसऱ्या भेटीत तीन गोष्टी पक्क्या करा: नाव लावायचं की नाही, फोटो चालेल का, आणि शाळेत यायला जमेल का. येणार असतील तर मानधन आधीच बोला आणि त्याच दिवशी द्या. दुकान बंद ठेवून येणाऱ्या माणसाला शाल-श्रीफळावर पाठवणं बरं नव्हे.

तांड्यावर जायचं असेल तर कोणाच्या तरी ओळखीने जा. भरतकाम केलेला जुना कपडा ‘संग्रहालयाला द्या’ म्हणून लगेच मागू नका. तो बहुधा आजीचा असतो. दोन तास बसून भिंग कसं टाचतात ते पाहिलं आणि तसा एक नवा तुकडा पैसे देऊन करून घेतला, तर पेटीसाठी तोच जास्त कामाचा.

सावधान: तेरच्या पांढरीवरून किंवा कुठल्याही जुन्या वस्तीच्या जागेवरून मणी, बांगड्यांचे तुकडे उचलून आणू नका, मुलांनाही तसं सुचवू नका. शंभर वर्षांवरच्या वस्तूंना १९७२चा पुरावशेष कायदा लागू होतो. एखाद्या मुलाने शेतात सापडलेला मणी आणलाच तर त्याला रागावू नका, विकतही घेऊ नका. जागा, तारीख, नाव लिहून घ्या आणि पालकांशी बोलून ते पुरातत्त्व विभागापर्यंत पोचेल असं बघा.

पायरी ३: पेटी भरा

संग्रहालयाची मूळ, नोंदणी केलेली वस्तू शाळेत जाणार नाही. एकही नाही. शाळेत जातो तो हाताळणी संच: बाजारातून घेतलेल्या, सहज बदलता येणाऱ्या, फुटल्या तर हळहळ वाटणार नाही अशा वस्तू. मूळ वस्तूचा मोठा छापील फोटो सोबत ठेवा.

पाच टेबलं धरून पाच संच करा. प्रत्येक संचात एकच प्रश्न असावा.

पहिला संच बांगड्यांचा. प्रश्न: ‘या बांगडीचा जोड शोधा.’ फिरोजाबादेत वितळलेल्या काचेचा धागा फिरत्या दांड्यावर सळसळत गुंडाळला जातो, स्प्रिंगसारखं वेटोळं तयार होतं. ते उभं कापलं की तोंड उघडी असलेली कडी सुटी होतात. मग ती कडी घराघरांत जातात. तिथे ज्योतीवर तोंडं सरळ करून जोडली जातात. म्हणून साध्या काचेच्या बांगडीवर नखाने फिरवत गेलं की एका जागी बारीक उंचवटा किंवा चपटेपणा लागतो. साध्या, बिनचमकीच्या, एकरंगी बांगड्याच घ्या, कारण नक्षी आणि चमकीखाली जोड दडतो. जोड सापडला की मुलं स्वतःच विचारतात, ‘हे जोडलं कोणी?’ तिथून गोष्ट सुरू होते.

याच संचात मापाचं गणितही बसतं. दुकानात दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ अशी मापं असतात. पहिला आकडा इंच, दुसरा इंचाचे सोळावे भाग. म्हणजे दोन-चार हे सव्वादोन इंच, सुमारे ५७ मिलिमीटर, आणि दोन-आठ म्हणजे अडीच इंच, साडेत्रेसष्ट मिलिमीटर. हे माप आतल्या व्यासाचं असतं. मुलं हमखास बाहेरून मोजतात. मोजू द्या, मग विचारा की उत्तर का जुळत नाही.

दुसरा संच मण्यांचा. इथे दहापट मोठं दाखवणारं भिंग लागेल. पारदर्शक रंगीत मणी घ्या, काळी पोत उपयोगाची नाही, तिच्यातून आतलं दिसत नाही. काही मणी काचेची लांब पोकळ नळी ओढून तिचे तुकडे पाडून केलेले असतात. त्यांच्यातले बुडबुडे भोकाला समांतर, लांबट दिसतात. काही मणी तारेभोवती काच गुंडाळून केलेले. त्यांच्यातले बुडबुडे भोकाभोवती गोल फिरतात. पुरातत्त्वाचे अभ्यासक जुना मणी कसा बनला हे याच खुणेवरून ओळखतात. दोन्ही प्रकारचे मणी तुम्हाला स्वतःला भिंगाखाली दिसले तरच संचात ठेवा.

तिसरा संच कंदिलाचा. कंदील, सुटी काच आणि एक प्रश्न: ‘ही काच गरम होऊनही तडकत का नाही, आणि पाण्याचा थेंब पडला की का तडकते?’ काच घडवल्यावर ती हळूहळू थंड केली नाही तर आतल्या आत ताण राहतो. म्हणून कारखान्यात ती लांबट भट्टीतून सावकाश निववतात. थेंबाने एकच जागा एकदम आक्रसते आणि तडा जातो. हे प्रात्यक्षिक करून दाखवायचं नाही, फक्त बोलायचं. रॉकेल काढून टाकलेलं असावं, वातही.

चौथा संच गोटी सोड्याची रिकामी बाटली. हायरम कॉड या इंग्रज माणसाने १८७२ साली या बाटलीचं पेटंट घेतलं. वायूच्या दाबाने गोटी वर जाऊन रबरी कडीला घट्ट बसते, हेच तिचं झाकण. ‘गोटी आत कशी गेली?’ या प्रश्नावर वर्ग दहा मिनिटं भांडू शकतो. गोटी टाकल्यावर बाटलीचं तोंड तापवून आवळतात. भरलेली बाटली कधीही नेऊ नका. दाबाखालची बाटली फुटली तर काचा उडतात.

पाचवा संच भिंगांचा आणि वाळूचा. भिंगांत दोन प्रकार दाखवा: कारखान्यात कापलेलं सपाट भिंग आणि फुगवलेल्या काचेच्या गोळ्यातून कापलेलं, किंचित फुगीर भिंग. फुगीर भिंगात चेहरा लहान दिसतो, खिडकीही वाकते. मुली हे सगळ्यात आधी पकडतात, कारण घागऱ्यावर त्यांनी ते पाहिलेलं असतं.

वाळू मात्र माझ्या मते पेटीतली सगळ्यात मोलाची गोष्ट आहे, आणि ती जवळपास फुकट मिळते. एका बरणीत भीमेची किंवा सीनेची काळपट वाळू, दुसरीत सिंधुदुर्गातल्या कासार्डे भागातली पांढरी सिलिका वाळू. पहिल्या बरणीवरून चुंबक फिरवा: काळे कण दाढीसारखे चिकटतात. आपल्या नद्या बेसाल्टच्या काळ्या दगडातून येतात, वाळूत लोहाचे कण भरपूर असतात, आणि लोहामुळे काच हिरवट-काळसर होते. स्वच्छ काचेला पांढरी, लोह कमी असलेली वाळू लागते. फिरोजाबादला ती प्रयागराजजवळच्या शंकरगढ भागातून जात आली. सोलापुरात काचेची भट्टी का उभी राहिली नाही, याचं निदान एक उत्तर तरी मुलांच्या हातातल्या चुंबकावर असतं.

वाळूसोबत धुण्याचा सोडा आणि चुनखडीचा खडा ठेवा, पण सोडा बंद पारदर्शक डबीत. तो डोळ्यात गेला तर चुरचुरतो. साध्या काचेत साधारण ७० टक्क्यांवर वाळू, १५च्या आसपास सोडा आणि १०च्या आसपास चुना असतो. नुसती वाळू वितळायला १७०० अंशांपर्यंत जावं लागतं. सोड्याने ते तापमान खाली येतं, आणि चुन्यामुळे काच पाण्यात विरघळत नाही. एवढं रसायन पुरे.

भरताना वर्तमानपत्राचे बोळे वापरू नका. वस्तू त्यात हलतात, आणि फुटलेली कपची कागदात दिसत नाही. पांढऱ्या जाड फोममध्ये प्रत्येक वस्तूच्या आकाराचा खळगा कापा, खळग्याच्या तळाशी मार्करने क्रमांक घाला. खळगा रिकामा दिसला की वस्तू राहिली हे लगेच कळतं. बांगडीचे तुटके तुकडे दाखवायचे असतील तर त्यांच्या कडा ओल्या पॉलिश पेपरने पाण्याखाली घासून बोथट करा. कोरडं घासू नका, काचेची धूळ श्वासात जाते.

सावधान: मार्चनंतर पेटी बंद गाडीत ठेवून जेवायला जाऊ नका. सोलापूरच्या उन्हात फोमचा गोंद सुटतो आणि छापील फोटो एकमेकांना चिकटतात.

लेबलं किती भाषांत? सोलापुरात महापालिकेच्या शाळाच मराठी, उर्दू, कन्नड आणि तेलुगू माध्यमाच्या आहेत. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापुरात जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळा आहेत. म्हणून लेबल वेगळ्या कार्डांवर ठेवा, वस्तूला चिकटवू नका. शाळेप्रमाणे कार्डं बदलता येतात. भाषांतर त्या माध्यमाच्या शिक्षकाकडून करून घ्या. फोनवरच्या भाषांतराने वस्तूंची नावं हटकून बिघडतात.

पायरी ४: तारीख आणि परवानगी

१८ मे हा जागतिक संग्रहालय दिन आणि १८ एप्रिल हा जागतिक वारसा दिन. पोस्टरवर दोन्ही शोभतात, शाळेच्या दृष्टीने दोन्ही बिनकामाचे. मेमध्ये सुट्टी असते, एप्रिलमध्ये परीक्षा आणि सकाळची शाळा. १९ ते २५ नोव्हेंबरचा जागतिक वारसा सप्ताह धरा. दिवाळीची सुट्टी बहुधा संपलेली असते, ऊन मवाळ असतं. डिसेंबरच्या मध्यापर्यंत काम करता येतं, पुढे स्नेहसंमेलनं सुरू होतात. जानेवारीत संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वराच्या गड्ड्याची यात्रा असते, तेव्हा शहराच्या मध्यवर्ती भागातल्या शाळांत पेटी नेणारी गाडी पोचणंच कठीण. पंढरपूरच्या शाळांसाठी आषाढी-कार्तिकीच्या आगेमागे तारीख मागूच नका.

खासगी शाळेत मुख्याध्यापकांचं पत्र पुरतं. जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी शिक्षणाधिकाऱ्यांचं आणि महापालिकेच्या शाळांसाठी महापालिकेच्या शिक्षण विभागाचं पत्र आधी घ्या. केंद्रप्रमुखांना फोन करा, कामं त्यांच्यामुळेच हलतात. पत्रात या गोष्टी असाव्यात: कोणती इयत्ता, एका वेळी जास्तीत जास्त किती मुलं, दोन पर्यायी तारखा, सलग दोन तासिका, पाच टेबलं, उजेडाची खोली, आणि वर्गशिक्षक पूर्ण वेळ हजर राहतील ही अट. शेवटची अट गाळली की शिक्षक वह्या तपासायला स्टाफरूममध्ये जातात आणि शिस्त तुमच्या गळ्यात पडते.

पत्रात ‘कार्यक्रम’ हा शब्द नको, ‘सत्र’ लिहा. कार्यक्रम म्हटलं की शाळा दीपप्रज्वलन, पाहुण्यांचं स्वागत आणि दोन मनोगतं आखते, आणि तुमचा अर्धा वेळ हारतुऱ्यांत जातो. ‘सगळ्या शाळेला एकदम मैदानात दाखवा’ ही विनंतीही येणारच. नम्रपणे नकार द्या. तीनशे मुलांना बांगडीचा जोड दाखवता येत नाही.

पायरी ५: रंगीत तालीम

आपल्याच कार्यालयात, ओळखीच्या आठ-दहा मुलांसमोर सगळं करून पाहा. घड्याळ लावा. बोलणाऱ्याने सलग किती वेळ बोललं ते दुसऱ्याने लिहावं. सलग चार मिनिटांच्या वर गेलं तर कापा.

तालमीत कार्यकर्त्यांच्या तोंडून ऐकीव गोष्टी बाहेर येतात, त्या तिथेच थांबवा. सगळ्यात लाडकी दंतकथा: ‘काच हा खरं तर द्रव आहे, म्हणून जुन्या खिडक्यांच्या काचा खाली जाड होतात.’ हे खोटं आहे. जुनी तावदानं बनवतानाच कमी-जास्त जाडीची व्हायची. साध्या तापमानाला काच वाहत नाही.

दोन नाजूक जागांचीही तालीम करा.

एक म्हणजे ‘उद्या येताना आईच्या बांगड्या घेऊन या’ हे वाक्य. ते कोणत्याही परिस्थितीत बोलायचं नाही. वर्गात वडील नसलेलं मूल असतं, आणि त्याच्या घरात बांगड्यांचा विषय काय आहे हे तुम्हाला ठाऊक नसतं. ‘घरातली काचेची कोणतीही एक वस्तू बघून या’ एवढंच सांगा. वस्तू आणायचीही नाही, बघायची. मोठ्या मुलांनी विधवांच्या बांगड्यांचा प्रश्न स्वतः काढला तर टाळू नका. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्यानंतर राज्य शासनाने परिपत्रक काढलं, हे सांगा आणि पुढे चला.

दुसरी म्हणजे मुलगे. बांगड्यांचं टेबल समोर आलं की ‘बांगड्या भर’ हा टोमणा येतोच. त्यावर भाषण देऊ नका. बांगड्यांच्या टेबलावर पहिला गट मुलग्यांचा पाठवा आणि त्यांना मोजपट्टी द्या. काम हातात असलं की टोमणा विरतो. कासारकाका स्वतः आले असतील तर प्रश्नच उरत नाही.

थांबून तपासा: तुमच्यापैकी प्रत्येकाला पाचही टेबलं चालवता येतात का? एक जण आजारी पडला तर?

पायरी ६: सत्राचा क्रम

दोन तासिका मिळून सत्तर-ऐंशी मिनिटं धरा. घंटा, हजेरी आणि टेबलं सरकवण्यात दहा जातातच.

पहिली पाच मिनिटं: प्रत्येक मुलाला एक चिठ्ठी. ‘काचेची बांगडी गोल कशी होत असेल? चित्र काढ.’ नाव लिहायचं नाही. चिठ्ठ्या गोळा करा, उत्तर सांगू नका.

पुढची पाच: तुमचं बोलणं. आपण कोण, वस्तू कशी धरायची, काय करायचं नाही. वस्तू टेबलावरच धरायची, उभं राहून नाही. दोन्ही हातांनी. पुढच्याला देताना हातात द्यायची नाही, टेबलावर ठेवायची, मग त्याने उचलायची. फुटाफुटी बहुतेक या हातातून त्या हातात देतानाच होते. हा एकच नियम दोनदा सांगा.

मग पस्तीस-चाळीस मिनिटं टेबलं. प्रत्येक गट प्रत्येक टेबलावर सात-आठ मिनिटं. टेबलावरचा कार्यकर्ता उत्तर सांगत नाही, प्रश्न विचारतो आणि गप्प राहतो. हे गप्प राहणं सगळ्यांत अवघड जातं. मुलं शांत असली म्हणजे त्यांना समजलं नाही असं नसतं, ती बघत असतात.

टेबलं झाल्यावर नकाशा लावा: तळेगाव, ओगलेवाडी, तेर, कपडवंज, फिरोजाबाद आणि मध्ये सोलापूर. आता इतिहास सांगा, दहा मिनिटांत. हाच इतिहास सुरुवातीला सांगितला असता तर कोणी ऐकला नसता. आता प्रत्येक गावाचं नाव हातातल्या एखाद्या वस्तूशी जोडलेलं असतं. आठवी-नववीसमोर फिरोजाबादची दुसरी बाजूही यावी: भट्टीची धग, घरोघरी ज्योतीपुढे बसून चालणारं जोडकाम, त्यात मुलांना जुंपण्याचा जुना प्रश्न, आणि ताजमहाल परिसरातल्या प्रदूषणावरून सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये कोळशाऐवजी वायू वापरण्याबाबत दिलेला आदेश. वारसा म्हणजे नुसतं कौतुक, अशी समजूत मुलांची होऊ देऊ नका.

शेवटी तीच चिठ्ठी पुन्हा द्या, तोच प्रश्न.

पायरी ७: ज्योतीवर काच वाकवणं (जमलं तरच)

शाळेला प्रयोगशाळा असेल आणि विज्ञानशिक्षकांना नळी वाकवायचा सराव असेल तरच हे करा. नकाशा आणि दुसरी चिठ्ठी यांच्यामध्ये ते बसवा आणि टेबलांचा वेळ तेवढा कमी करा. काम शिक्षकांनी करायचं, मुलं दोन मीटर लांब, शिक्षकांच्या डोळ्यांवर चष्मा.

साध्या काचेची बारीक नळी स्पिरिटच्या दिव्यावर आडवी धरून सावकाश फिरवत राहायची. आधी काहीच घडत नाही आणि मागची मुलं चुळबुळ करतात. मग निळसर ज्योतीत नळीभोवती पिवळा रंग उमटतो. तो काचेतल्या सोडियमचा, आणि काच मऊ होत आल्याची ती खूण. थोड्याच वेळात नळीचं टोक स्वतःच्या वजनाने झुकू लागतं. ज्योतीतून बाहेर काढून मगच वाकवायची, ज्योतीत वाकवली तर नळी चिमते.

सावधान: गरम काच आणि थंड काच दिसायला अगदी सारखी असते. भाजण्याचे प्रकार ज्योतीने होत नाहीत, खाली ठेवलेली नळी कोणीतरी उचलल्याने होतात. कोरड्या तारेच्या जाळीवर ठेवा, भोवती लाल खडूने रिंगण आखा आणि सत्र संपेपर्यंत कोणालाही हात लावू देऊ नका. ओल्या फरशीवर ठेवली तर तडकेल.

पायरी ८: काही फुटलं तर

फुटणारच. सत्र थांबवा, मुलांना जागच्या जागी उभं करा, आरडाओरडा नको. मोठे तुकडे जाड हातमोज्यांनी उचला, बारीक कपच्या ओल्या कागदाने टिपा, झाडूने उडवू नका. सगळं झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात जाईल, शाळेच्या कचरापेटीत नाही. ती पेटी रिकामी करणाऱ्या मावशींचे हात उघडे असतात. कोणाला कापलं तर स्वच्छ पाण्याने धुऊन दाबून धरा. काच आत रुतली असेल तर ओढू नका, दवाखान्यात न्या. ज्या मुलाच्या हातून फुटलं त्याच्याकडून भरपाईची भाषा शिक्षकांच्या तोंडीही येऊ देऊ नका. ही अट पत्रात आधीच लिहिलेली बरी.

पायरी ९: परतताना आणि परतल्यावर

शाळेतून बाहेर पडण्याआधी खळगे मोजा, वर्गात मुलं असतानाच. नंतर मोजून एखादा मणी कमी निघाला तर उगीच संशयाचं वातावरण होतं. मुलांसमोर मोजलं की हरवलेला मणी टेबलाखालून तीच शोधून देतात.

त्याच दिवशी दोन्ही चिठ्ठ्यांचे गठ्ठे शेजारी ठेवून बघा. पहिल्या गठ्ठ्यात बहुतेक चित्रं साच्याची असतात: गोल साचा, त्यात ओतलेली काच. दुसऱ्या गठ्ठ्यात वेटोळं, कापलेली कडी आणि जोड किती चित्रांत आला ते मोजा. जोड आला नसेल तर बांगड्यांचं टेबल फसलं. वर्ग मंद होता असं समजू नका. ‘मुलांना खूप आवडलं’ हा शिक्षकांचा अभिप्राय फाइलला लावा, पण त्यावरून काहीही ठरवू नका.

आठवड्याभरात शाळेला एक पान पाठवा: मुलांनी घरी पाहिलेल्या काचेच्या वस्तूंची यादी वर्गाने करायची. वस्तू, कोणाची, कुठून आली. फोटो मागवायचे असतील तर पालकांची लेखी संमती लागेल. या याद्यांतून बरंच निघतं: कोणाच्या आजोळी ओगल्यांचा कंदील, कोणाकडे सोड्याच्या गाडीवरच्या जुन्या बाटल्या. ज्या घरी जावंसं वाटेल तिथे पायरी २ प्रमाणे जा, ‘द्या’ म्हणायला नाही, बघायला.

बदललेल्या वस्तू, संपलेली कार्डं, घासून गुळगुळीत करायचे तुकडे यांची यादी पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा. ती पूर्ण होऊन खाली दोघांच्या सह्या झाल्या की मगच पुढच्या शाळेला तारीख द्या.